आमच्या नदीचा तळ एकाच शून्यापासून मोजा

प्रति,
कर्नाटक आणि महाराष्ट्र राज्यांच्या जलसंपदा खात्यांचे सचिव,
बेळगाव, कोल्हापूर आणि सांगलीचे जिल्हाधिकारी,
आणि कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेकाठच्या सर्व ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

मी चिकोडी तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावचा. नौदलाच्या जलसर्वेक्षण शाखेत नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या हुद्द्याला 'सर्वे रेकॉर्डर' म्हणत. समुद्राचा तळ किती खोल आहे, तिथं वाळू आहे, चिखल आहे की खडक, हे मोजून लिहून ठेवायचं आणि त्यावरून जहाजांसाठी चार्ट तयार होईपर्यंत एकेका आकड्याची राखण करायची, हे आमचं काम. गावी आल्यावर नदीकडे बघताना ती सवय सुटली नाही. हे पत्र त्या सवयीतून लिहितो आहे.

ऑगस्ट २०१९. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा म्हातारी माणसं म्हणत होती, २००५ ला इथंच थांबलं होतं. या वेळी ते थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी बचाव पथकाची रबरी बोट आली. पोरं परराज्यातली, धीट आणि दमलेली. त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, "चाचा, यहाँ नीचे क्या है?" मी बोटीच्या नाळेवर बसलो. हातात बांबू होता, त्यावर मी ऑइलपेंटनं फुटाफुटाला खुणा केल्या होत्या. खाली काय होतं? दोन उघड्या विहिरी, उसाच्या फडाभोवतीचं काटेरी तारेचं कुंपण, एक ट्रान्सफॉर्मर, मळीतल्या जमिनीचे बांध आणि पाणंदीच्या दोन्ही बाजूंची बाभळ. हे सगळं मला पाठ होतं, कारण माझं लहानपण तिथंच गेलं. बोट बरोबर पाणंदीवरून गेली आणि आम्ही तीन घरची माणसं काढली.

मग बोट शेजारच्या गावच्या हद्दीत शिरली आणि मी गप्प झालो. माझ्या घरापासून ते गाव दोन किलोमीटरवर. तिथल्या विहिरी कुठं आहेत, ओढा कुठं वळतो, तारा कुठल्या उंचीवर आहेत, मला काही सांगता येईना. तपकिरी पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं. हजारो मैलांवरच्या किनाऱ्यांवरचे खडक मी चार्टवर बोट ठेवून दाखवले आहेत. इथं दोन किलोमीटरवर मी आंधळा होतो. त्याच महिन्यात, ८ तारखेला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. कितीजण गेले ते तुम्हाला माहीत आहे. तेही कृष्णेचंच पाणी होतं. ती बातमी ऐकल्यापासून तो बांबू मी घराच्या आढ्याला अडकवून ठेवला आहे, आणि हे पत्र मनात लिहीत आलो आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, मग कारणं सांगतो. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि आमच्या भागातली जलाशयं यांचा तळ दोन्ही राज्यांनी एकत्र मोजावा, एकाच शून्यापासून मोजावा, आणि तो चार्ट मराठीत आणि कन्नडमध्ये काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा.

एवढं मोठं काम कसं होईल, असं कुणी म्हणेल. म्हणून एका लहान देशाचं सांगतो. मॉरिशसची जमीन साधारण २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या सहाव्या हिश्शाएवढी. पण त्या देशाच्या हक्काचा समुद्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र एकत्र केले तरी पाच लाख होतात, यावरून अंदाज करा. एवढा समुद्र त्या देशाला एकट्यानं मोजणं शक्य नव्हतं. त्यांनी भारताशी करार केला आणि आपल्या नौदलाची जहाजं, त्यात 'आयएनएस सर्वेक्षक', तिथं जाऊन तळ मोजून आली. तसल्या एका मोहिमेत मीही होतो. तिथं मराठी माणसं आहेत, त्यांच्या पिढ्या तिथं गेल्या आहेत, गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. बंदरावर एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या मराठीत मला विचारलं होतं, "गाव कुठलं?" मी बेळगाव सांगितलं. नाव ऐकल्यासारखं त्यांनी मान हलवली आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला, "आमचा समुद्र मोजून देणार ना नीट?"

तो 'नीट' शब्द माझ्या लक्षात राहिला. नीट मोजणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगू द्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पूर्वी खोली मोजायला शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडत. वजनाच्या बुडाला चरबी लावत, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येई. कोकणातले दर्यावर्दी खोली वावात सांगतात, दोन्ही हात पसरले की एक वाव, सुमारे सहा फूट. इंग्रजी चार्टवरचा फॅदम तेवढाच. आमच्याकडं विहिरीची खोली परसात सांगतात, तसंच हे. आता जहाजाखालून आवाज सोडतात. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर धावतो, गोड्या पाण्यात थोडा कमी. तळाला आपटून परत यायला लागलेल्या वेळेतला निम्मा वेळ धरायचा आणि वेगानं गुणायचं, की खोली मिळते. ऐकायला सोपं आहे. पण पाणी गरम-थंड झालं तरी आवाजाचा वेग बदलतो. म्हणून लहान बोटीवर रोज सकाळी काम सुरू करण्याआधी आम्ही दोरीला बांधलेली लोखंडी पट्टी यंत्राखाली मोजून पाच मीटरवर सोडायचो. यंत्रानं पाच दाखवलं तर काम सुरू. नाही दाखवलं, तर चूक सापडेपर्यंत बोट हलायची नाही. भारी किमतीचं यंत्र आणि त्याला तपासणारी एक दोरी. माझ्या सगळ्या नोकरीत मला ती दोरी सर्वांत महत्त्वाची वाटली.

दुसरी गोष्ट शून्याची. समुद्राचं पाणी भरती-ओहोटीनं वर-खाली होतं, मग खोली कशापासून मोजायची? म्हणून किनाऱ्यावर मापाचा खांब रोवतात आणि कुणीतरी दिवसरात्र तिथं बसून पाणी कुठं आहे ते वहीत लिहितो. तो खांब जमिनीवरच्या पक्क्या खुणेशी जोडलेला असतो. पाणी सहसा ज्याच्या खाली जात नाही अशी पातळी शून्य धरतात, आणि चार्टवरचा प्रत्येक आकडा त्या शून्यापासूनचा असतो. ओहोटीला उघडा पडणारा खडक असेल तर त्याच्या आकड्याखाली रेघ मारतात. ती रेघ बघितली की जगातला कुठलाही खलाशी सावध होतो. भाषा कुठलीही असो, खुणा सारख्याच, कारण १९२१ साली मोनॅकोमध्ये सुरू झालेली आंतरराष्ट्रीय संघटना त्या खुणा ठरवते आणि देश त्या पाळतात. एकमेकांशी न बोलणारे देशही पाळतात.

आता आपल्या नदीकडे या. पावसाळ्यात मोबाईलवर आकड्यांचा पाऊस पडतो. सांगलीचा आयर्विन पूल, ४५ फूट म्हणजे धोका. कोल्हापूरचा राजाराम बंधारा, ४३ फूट म्हणजे धोका. कृष्णेवर खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण, ५१९.६० मीटर. बेळगावला पाणी देणारं राकसकोप २,४७५ फुटांना भरलं. सगळे आकडे खरे आहेत, मोजणारी माणसं रात्रभर जागून मोजतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एकाचं शून्य पुलाखाली, एकाचं बंधाऱ्यापाशी, एकाचं समुद्रसपाटीवर, एकाचं फुटात, एकाचं मीटरात. कल्लोळला दूधगंगा कृष्णेला मिळते, तिथं काठावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यानं या चार आकड्यांतून स्वतःच्या उंबऱ्याला पाणी कधी लागेल ते कसं काढायचं? तो काढत नाही. तो देवळाच्या पायऱ्या मोजतो. नृसिंहवाडीला पाणी देवळात शिरलं, दक्षिणद्वार सोहळा झाला, की आमच्याकडं पुढचा हिशेब सुरू होतो. येडूरच्या घाटाची कुठली पायरी बुडाली की आपली मोटर उचलायची, हे प्रत्येकाला माहीत आहे. पायरी हाच आमचा खांब. तो अनेक पिढ्यांनी तपासलेला आहे म्हणून त्याच्यावर विश्वास आहे. त्या पायऱ्या कुठल्याही सरकारी खुणेशी जोडलेल्या मी बघितल्या नाहीत. एक लेव्हल मशीन, एक पट्टी आणि दोन दिवस, एवढ्यात प्रत्येक गावच्या घाटाची पायरी समुद्रसपाटीशी जोडता येईल. हे काम उद्या सुरू करता येण्यासारखं आहे.

मग वाद. सांगली-कोल्हापूरची माणसं म्हणतात, अलमट्टी आणि हिप्परगीनं पाणी अडवलं म्हणून आम्ही बुडालो. खालची माणसं म्हणतात, वरच्या धरणांनी एकदम सोडलं म्हणून आम्ही बुडालो. अलमट्टीची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायचा विषय निघाला की आवाज आणखी चढतो. आम्ही मधली माणसं. वरून सोडलेलं आधी आमच्या अंगणातून जातं आणि खालून फुगलेलं असेल तर तेही आमच्याच अंगणात साठेल. या वादात कोण बरोबर ते मी सांगणार नाही, कारण मी मोजलेलं नाही. पण कशानं ठरेल ते सांगू शकतो. धरणाच्या मागं फुगवटा किती लांब जातो, हे नदीच्या तळाच्या उतारावर, पात्राच्या रुंदीवर आणि खोलीवर ठरतं. म्हणजे आडवे छेद लागतात. ठराविक अंतरावर या काठापासून त्या काठापर्यंत तळ मोजायचा. कुठं गाळ बसला, कुठं वाळू उपसून खड्डा झाला, कुठल्या पुलाच्या भरावानं पात्र अरुंद झालं, हे त्यात दिसतं. हे छेद जुने असतील तर त्यावरचा हिशेबही जुना. एका राज्यानं मोजले आणि दुसऱ्यानं मानले नाहीत, तर मोजून उपयोग नाही. म्हणून एकाच बोटीत दोन्हीकडचे अभियंते बसावेत आणि ती तपासणीची दोरी दोघांनी मिळून सोडावी. पट्टी पाच मीटरवर असताना यंत्रानं पाच दाखवलेलं दोघांनी बघितलं, की त्या दिवसाच्या आकड्यावर दोघांची सही.

मी माझ्यापरीनं हे छेद मागून बघितले. एका कचेरीत सांगितलं, हे पलीकडच्या राज्याकडं मागा. पलीकडच्या एका कचेरीत सांगितलं, तुम्ही त्या राज्याचे रहिवासी, तिकडं मागा. एका टेबलावर विचारलं गेलं, "तुम्हाला कशाला पाहिजे?" त्या टेबलामागचा माणूस वाईट नव्हता, त्यानं मला चहा दिला. त्याला खरंच कळत नव्हतं की नदीचा तळ कुणा सामान्य माणसाला कशाला हवा असेल. समुद्रावर असा प्रश्न कुणी विचारत नाही. समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेलं आहे की सरकारनं मोजावं, छापावं आणि बदल झाला की जहाजांना कळवावं. चार्ट विकत मिळतो आणि लहानशा मच्छीमारालाही घेता येतो. गुपित ठेवलेला चार्ट खडकापासून कुणाला वाचवत नाही.

चार्ट असला आणि वापरणाऱ्याच्या हातात नसला, तर काय होतं तेही मॉरिशसनंच बघितलं. २५ जुलै २०२० ला 'वाकाशिओ' नावाचं ३०० मीटर लांबीचं जहाज तिथल्या प्रवाळाच्या कठड्यावर चढलं. पुढच्या महिन्यात ते फुटलं आणि सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेलं. माणसं उसाचं पाचट पोत्यात भरून, त्याचे बांध करून तेल अडवत होती. ते फोटो बघून मला आमच्या गावातली वाळूची पोती आठवली. चौकशीत बाहेर आलं की जहाज मोबाईलची रेंज मिळावी म्हणून किनाऱ्याजवळ नेलं होतं, आणि किनारा बारकाईनं दाखवणारा मोठ्या प्रमाणाचा चार्ट जहाजावर नव्हताच. खडक तिथं होता, तो मोजलेलाही होता. वापरणाऱ्यापुढं तो आकडा नव्हता. म्हणूनच मी पंचायतीच्या भिंतीचा एवढा आग्रह धरतो. राजधानीतल्या संगणकात असलेला नकाशा मध्यरात्री बोटीच्या नाळेवर बसलेल्या पोराच्या कामाचा नाही.

चार्टवर आणखी एक गोष्ट असते, ती मला फार प्रामाणिक वाटते. कुठला भाग किती भरवशाचा आहे ते चार्ट स्वतः सांगतो. ए-१ म्हणजे नव्या यंत्रानं पूर्ण तळ तपासलेला, मग ए-२, बी, सी, डी, आणि यू म्हणजे दर्जा ठरवलेलाच नाही. काही भाग अजून शंभर वर्षांपूर्वीच्या दोरीच्या मापावर आहेत, आणि तसं लिहिलेलं असतं. कॅप्टन ते वाचून वेग कमी करतो. आपल्या पूररेषेच्या नकाशांवर, धरणसाठ्याच्या आकड्यांवर असा भरवसा लिहिलेला मी बघितला नाही. तुंगभद्रेचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. धरण झालं तेव्हा साठा सुमारे १३३ टीएमसी, म्हणजे १३३ अब्ज घनफूट, धरला होता. २००८ च्या मोजणीत तो १०० टीएमसीच्या आसपास आला आणि २०१६ च्या मोजणीत १०५.७८८. आठ वर्षांत गाळ कमी झाला नव्हता. मोजायची पद्धत बदलली होती. पाच टीएमसीचा फरक नुसत्या मोजण्यातून येऊ शकतो, आणि पाच टीएमसीवर किती गावांचं उन्हाळी पीक उभं असतं ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. आमचं हिडकल धरण ५१ टीएमसीचं म्हणतात. घटप्रभेनं इतक्या वर्षांत आणलेला गाळ त्यात कुठं आणि किती बसला आहे, हा आकडा मोजणीच्या तारखेसह आणि पद्धतीसह आम्हाला दिसावा. हिडकलच्या पोटात गेलेलं विठ्ठलाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं आणि माणसं दर्शनाला जातात. समुद्राच्या चार्टवर असतं तर त्या देवळाच्या आकड्याखाली रेघ असती. राकसकोपचंही तसंच. दर उन्हाळ्यात बेळगावच्या पेपरांत 'डेड स्टॉक' शब्द येतो आणि शहर टँकरच्या मागं धावतं. पातळी सांगते पाण्याचा माथा कुठं आहे. बूड कुठं आहे ते तळ मोजल्याशिवाय कळत नाही. त्याच्या पाणलोटाचा काही भाग चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. तिथंही एकाच बोटीत दोघांनी बसायला हवं.

खर्चाचं म्हणाल, तर नदीला जहाज लागत नाही. एक लहान बोट, एक आवाजी यंत्र, जीपीएस, आणि जिथं पाणी गुडघाभर तिथं माझ्यासारखा बांबू. पावसाळा संपला की नोव्हेंबरात पाणी निवळतं, तेव्हा मोजायचं. मोठा पूर येऊन गेला तर त्या वर्षी पुन्हा मोजायचं, कारण पूर तळ बदलतो. मनुष्यबळ आपल्या दारात आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावात आहे, सिव्हिलची पोरं दरवर्षी प्रकल्प शोधत असतात. गोव्यात नौदलाची हायड्रोग्राफीची संस्था आहे, जिथं परदेशांतले अधिकारीसुद्धा शिकायला येतात. आमच्यापासून ती एका दिवसाच्या अंतरावर आहे. आणि नदी ज्यांना कळते ते आंबी आणि कोळी अजून काठावर आहेत. कुठल्या डोहात भोवरा आहे, नदी पायी ओलांडायचा जुना उतार कुठं होता, वाळू काढल्यापासून पोरं कुठं बुडतात, हे त्यांच्याकडून लिहून घ्या आणि चार्टवर टाका. त्यांना मजुरी द्या, नुसती माहिती काढून घेऊ नका.

भाषेचंही सांगायला हवं. सीमाप्रश्नावर माझं मत आहे, ते या पत्रात आणत नाही. पण पुराचा इशारा आमच्या घरात कळेल अशा भाषेत आला पाहिजे, ही मागणी पाण्याची आहे. आमच्या गल्लीत एका घरात मराठी, शेजारच्या घरात कन्नड, आणि बऱ्याच घरांत दोन्ही. २०१९ ला एका म्हातारीनं दारावर लावलेली सूचना मला वाचायला लावली, कारण तिला ती लिपी येत नव्हती. सूचनेवरची घर सोडायची वेळ आदल्या दिवसाची होती. आकडे सगळ्यांना वाचता येतात, त्यांच्या शेजारच्या चार ओळी दोन्ही भाषांत छापायला किती शाई लागते?

२०१९ पासून मी एक वही ठेवली आहे. आमच्या घाटाची प्रत्येक पायरी मी पट्टीनं मोजली आहे. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी कुठल्या पायरीवर आहे, त्या वेळी वरच्या आणि खालच्या धरणांचा जाहीर झालेला आकडा काय होता, हे सगळं तारीख-वेळेसह लिहिलं आहे. २०२१ च्या जुलैत यमगर्णीपाशी वेदगंगेचं पाणी आलं आणि महामार्ग बंद झाला, त्या रात्रीच्या दर तासाच्या नोंदी त्यात आहेत. कुणाच्या सहीची ती वही नाही, तिचं शून्य म्हणजे घाटाची सर्वांत खालची पायरी. भरवशाच्या हिशेबानं तिला मी स्वतः 'सी' देईन. लेव्हल मशीन घेऊन कुणी आलं आणि ती पायरी पक्क्या खुणेशी जोडली, तर सगळ्या नोंदी एका दुपारात कामाच्या होतील.

वही देतो, तिच्या झेरॉक्सचे पैसेही मीच भरतो. पहिल्या बोटीत दोन्ही राज्यांची माणसं बसणार असतील, तर दोरी धरायला मी येतो. नोव्हेंबरात कधीही निरोप पाठवा, त्या महिन्यात मी गाव सोडत नाही.

आपला,
कृष्णाकाठचा एक निवृत्त सर्वे रेकॉर्डर
तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव